थांबलेल्या गाडीचा ताप

चाकणच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते तिथं मला खरी गाडी क्वचितच दिसते. ब्रेक येतात ते संगणकाच्या पडद्यावर. करड्या रंगाचे, स्वच्छ, कुठं तेलाचा डाग नाही की चिखल नाही. त्यांना तापवणं हे माझं काम. ब्रेकच्या लोखंडी चकतीचे संगणकात बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचे शेजारी कोण ते ठरवून द्यायचं, लोखंडातून उष्णता किती झपाट्यानं सरकते आणि वारा त्यातली किती पळवतो ते सांगायचं, आणि मग हिशोब सुरू करून द्यायचा. या तुकड्यानं शेजाऱ्याला किती ताप दिला, त्यानं पुढच्याला किती दिला, असं क्षणाक्षणाला मोजत मशीन पुढं जातं. निळी चकती हिरवी होते, हिरव्याची पिवळी, पिवळ्याची लाल. याला सिम्युलेशन म्हणतात. आईनं एकदा विचारलं तेव्हा मी तिला म्हटलं, खोटी गाडी खऱ्या घाटातून उतरवून बघायची, म्हणजे खऱ्या गाडीवर ती वेळ येत नाही.

आमच्याकडं एक रीत होती. खोटी गाडी उताराच्या तळाशी येऊन उभी राहिली की हिशोब संपवायचा. सगळ्यात जास्त ताप कुठं आणि किती, तेवढं काढायचं आणि कागद पुढं पाठवायचा. मीही तसंच करत आले होते.

एका दुपारी जेवायला जाताना हिशोब कुठं थांबवायचा ते घालायचं राहून गेलं. परत आले तर मशीन चालूच होतं. पडद्यावरची गाडी केव्हाची थांबली होती आणि चकती लालाची पिवळी होत आली होती. पण तिला चिमटीत धरणारा जो भाग असतो, ज्याच्या पोटात ब्रेक ऑइल असतं, तो उतारावर होता त्याहून जास्त लाल दिसत होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर आणखी लाल होत चालला होता. उभ्या गाडीत.

मला वाटलं, काहीतरी चुकीचं भरलंय. दोनदा तपासलं. मग शेजारच्या टेबलावरच्या सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चालत्या गाडीला वारा असतो. गाडी उभी राहिली की वारा गेला. मग चकतीतला ताप जाणार कुठं? शेजारी जाणार."

"आणि तेल उकळलं तर?"

"तर वाफेचे बुडबुडे होतात. पायडल दाबलं की बुडबुडे दबतात, ब्रेक दबत नाही. जुनी गोष्ट आहे ही, पुस्तकात सापडेल. पण आपल्याला विचारलंय ते तळापर्यंतचं. तेवढंच द्या."

मी तेवढंच दिलं. पण ते लाल माझ्या डोळ्यांपुढून जाईना. कारण माझा दादा माळशेज घाटात अर्ध्यावर गाडी थांबवायचा. कशाला, तर गाडी गार करायला.

आमचं घर पेठला. दादा माझ्याहून मोठा, स्वतःची पिकअप चालवतो. आमचा आणि आसपासच्या लोकांचा कांदा भरून मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर करत माळशेजनं खाली कल्याणला नेतो. या धंद्यात त्याला एक दोस्त भेटला होता. मढच्या पलीकडच्या डोंगरातल्या वाडीतला, भात आणि नाचणी करणाऱ्या घरातला. त्याच्या वाडीत पहिली चारचाकी त्याची. आळेफाट्याला एका गॅरेजबाहेर दोघांची ओळख झाली, आणि मग दोघं एकमेकांच्या मागं-पुढं घाट उतरायला लागले. दादा त्याला 'पावणं' म्हणायचा. मीही त्याला त्याच नावानं ओळखते, म्हणून इथंही पाव्हणाच म्हणते.

पाव्हणा बोलका होता. त्याच्याबरोबर गाडीत त्याचा धाकटा भाऊ असायचा, तो कमी बोलायचा. गोणी चढवणं-उतरवणं धाकट्याकडं, स्टिअरिंग पाव्हण्याकडं. दोघांची लग्नं झालेली, एकाच घरात, एकाच चुलीवर. पाव्हणा आमच्याकडं यायचा तेव्हा नाचणीचं पीठ आणायचा आणि वहिनीला म्हणायचा, "वहिनी, ह्याची भाकरी करा, पोट गार ऱ्हातं."

त्या रविवारी मी पेठला गेले आणि दादाला पडद्यावरचं सांगितलं. तो ओट्यावर बसून चहा पीत होता.

"म्हणजे थांबायचं न्हाई?" तो म्हणाला.

"थांबायचं. पण थोडंसं थांबून लगेच निघायचं नाही. तेच सगळ्यात वाईट. एकतर भरपूर थांबायचं, नाहीतर उतार सगळा खालच्या गिअरमध्ये उतरायचा म्हणजे ब्रेक तापायचाच नाही."

"इतकी वर्षं थांबतोय की मी. च्या प्यायचा, निघायचं. काय झालं?"

"ब्रेक ऑइल कधी बदललंस?"

तो आठवायला लागला, आणि आठवत राहिला.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. पावसाळ्यांमागून पावसाळे तेच तेल राहिलं की त्यात पाणी मुरतं आणि ते लवकर उकळायला लागतं. दादानं सांगितलं की मिस्तरी म्हणाला होता, तेल काळं पडलेलं नाही, कशाला बदलता. त्यात मिस्तरीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्याकडं गाडी यायची तेव्हा ती थंड असायची आणि थंड गाडीत सगळं नीट असायचं.

दादाचा माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. पण त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. "एकदा चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तुझी ती तापमान मोजायची तार आण."

सरांना विचारून मी ऑफिसमधलं एक छोटं यंत्र आणलं. त्याला दोन तारा. एक चकतीजवळ बसवायची, दुसरी तेल असलेल्या भागावर चिकटवायची. दोन्हीकडचे आकडे वर केबिनमध्ये दिसतात. दादानं जॅक लावून चाक काढून दिलं, मी तारा बसवल्या. वहिनी दारात उभी राहून बघत होती. "दवाखान्यात लावतात तसं लावलंस की गं," ती म्हणाली, आणि हसली नाही.

श्रावण चालू होता. सकाळी कांदा भरून आम्ही निघालो. आळेफाट्याला पाव्हण्याची गाडी उभीच होती. तिच्या फळ्या वर वाढवून घेतल्या होत्या आणि मागच्या चाकांवर स्प्रिंगचे पाटे जास्तीचे टाकले होते, त्यामुळं रिकामी असली की ती शेपूट वर करून उभी असल्यासारखी दिसायची. आज ती जमिनीला टेकायची बाकी होती. दादानं पाव्हण्याला माझ्या तारांचं सांगितलं. पाव्हण्यानं वाकून चाकाकडं बघितलं.

"ताई, गाडीचा ईसीजी काढला म्हणा की," तो म्हणाला. धाकटा मागं उभा होता. तो पुढं झाला आणि त्यानं तारेला बोट लावून बघितलं.

ओतूर सोडलं, मढ मागं पडलं, उजव्या हाताला धरणाचं पाणी धुक्यात गेलं. घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा समोरच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. पुढं एक अवजड ट्रक रांगत चालला होता, त्याच्यामागं पाव्हणा, त्याच्यामागं आम्ही. धुक्यात ओव्हरटेक करायची सोय नव्हती. खालचा गिअर असूनही दादाचा पाय सारखा ब्रेकवर जात होता. मी मांडीवर यंत्र धरून बसले होते. चकतीचा आकडा चढत होता. ऑफिसात मी तो शेकडो वेळा चढताना पाहिलाय, आणि तेव्हा कधी मला घाम आला नव्हता. आता डावीकडं कड्यावरून पाणी कोसळत होतं, उजवीकडं कठडा आणि कठड्यापलीकडं पांढरं काहीतरी होतं. कुठल्या पडद्यावर कुठल्या चकतीला आपण अमुक अंशांवर लाल रंग दिलाय हे मला पाठ होतं. काचेबाहेर मात्र कसलाच रंग नव्हता. थोड्या वेळानं वास यायला लागला, जळक्या केसांसारखा.

"हा वास रोज येतो," दादा म्हणाला.

अर्ध्या घाटात रस्ता थोडा रुंद होतो तिथं मक्याची कणसं आणि चहाच्या टपऱ्या लागतात. ट्रक पुढं गेला. पाव्हण्यानं गाडी बाजूला घेतली, आम्हीही घेतली. इंजिन बंद झालं. इतका वेळ कानांत असलेला आवाज गेला आणि पाण्याचा आवाज आला.

पाव्हणा चहा सांगायला गेला. दादा आणि मी केबिनमध्येच बसून राहिलो, नजर यंत्रावर. चकतीचा आकडा उतरायला लागला. दादानं सुटकेचा श्वास टाकला. "बघ, उतरतंय," तो म्हणाला. मी दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. तो चढत होता. हळूहळू, न थांबता. गाडी उभी, इंजिन बंद, बाहेर गारठा, आणि तो आकडा चढत होता.

दादानं वाकून तो आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाला, "उभ्या गाडीला कसला ताप चढतोय गं हा?"

धाकटा चहाचे कप घेऊन आला होता. त्यानं खिडकीतून आत बघितलं. मी त्याला सांगितलं, "चुलीतला जाळ ओढला तरी तवा तापलेलाच असतो ना, त्यावर भाकरी राहिली तर करपते. तसं."

"हां," तो म्हणाला. "खापरावर लई करपती." मग त्यानं विचारलं, "मग निघायचं कवा?"

"चाकाजवळ हात नेल्यावर सोसवेल तेव्हा. आणि निघायच्या आधी पायडल दोन-चारदा दाबून बघायचं."

दादानं तेवढ्यात पायडल दाबलं. मी त्याच्या पायाकडं बघत होते. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि जिथं अडायला हवा तिथं अडला नाही. दादानं तो पटकन उचलला, जणू पायाखाली काही जिवंत आलं होतं. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"हँडब्रेक," मी म्हटलं.

"ओढलाय," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. खाली उतरून त्यानं दोन दगड आणले आणि चाकांपुढं लावले. त्यानंतर आम्ही तिथं बसून राहिलो.

पाव्हण्यानं हे सगळं पाहिलं. तो गंभीर झाला, नाही असं नाही. त्यानं स्वतःच्या गाडीत बसून पायडल दाबलं. कडक होतं. पुन्हा दाबलं. कडक. "माझं बराबर हाय," तो म्हणाला. "तुमच्या गाडीचंच कायतरी हाय, दादा. ऑइल जुनं असंल."

"तुमची माझ्याहून जास्त भरलीय," दादा म्हणाला. "थांबा जरा."

"खाली मानूस थांबलाय माल उतरून घ्यायला. जातो म्होरं. सावकाश जातो."

धाकटा त्याच्याकडं बघत उभा होता. "थांबू की थोडं," तो म्हणाला.

"चल रं. घाट काय नवा हाय का आपल्याला."

ते निघाले. लाल दिवा पहिल्या वळणापर्यंत दिसला, मग धुक्यात गेला. दादा आणि मी ऐकत राहिलो. एखादा आवाज येईल म्हणून आम्ही ऐकतोय हे दोघांनाही कळत होतं, आणि ते बोलायची दोघांचीही हिंमत नव्हती. आवाज आला नाही. मग आकडा वर जायचा थांबला, तिथंच रेंगाळला आणि उतरू लागला. दादाचं पायडल परत कडक झालं, जसं काही झालंच नव्हतं. आम्ही पहिल्या गिअरमध्ये घाट उतरलो. प्रत्येक वळणावर मी कठडा बघत होते, शाबूत आहे की नाही ते.

तळाला, घाट संपल्यावरच्या हॉटेलाबाहेर, पाव्हण्याची गाडी उभी होती. दोघं भाऊ बाकावर बसून वडापाव खात होते. आम्हाला बघून पाव्हण्यानं हात वर केला.

"बघा ताई," तो म्हणाला, "तुमच्या कंप्युटरनं मला मारला व्हता, पर मी आलो."

सगळे हसले, दादाही हसला. मीही हसले असेन. पण मला त्याला सांगायचं होतं की संगणक असं म्हणालेलाच नाही. तो म्हणाला होता की तेल इतकं जुनं असेल, वजन इतकं असेल, इतका वेळ थांबला असाल, तर. त्या प्रत्येक 'तर'च्या जागी रोज वेगळं काहीतरी येतं. एक दिवस वाचलं याचा अर्थ उतार सोपा झाला असा होत नाही. पण हे वडापावच्या बाकावर सांगता येईना. मी एवढंच म्हटलं, "भाऊ, तेल बदलून घ्या." तो म्हणाला, "घेतो की." आणि मला वाटतं, त्याला ते खरंच घ्यायचं होतं.

दादानं दुसऱ्याच दिवशी बदललं. त्यानं माल कमी भरायला सुरुवात केली आणि घाटात थांबणं सोडून दिलं. त्यापुढं पाव्हणा त्याच्याबरोबर क्वचित असायचा, कारण दादा फार सावकाश उतरायचा आणि पाव्हण्याला ते जमायचं नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी मी कामात असताना दादाचा फोन आला. त्यानं माझं नाव घेतलं आणि थांबला. "पावण्याची गाडी गेली," तो म्हणाला.

पाव्हण्यानं त्याच टपऱ्यांजवळ चहा घेतला होता. निघाला, दोन वळणं गेला. तिसऱ्या वळणावर त्यानं गाडी कठड्याकडं न जाऊ देता डोंगराच्या अंगाला घातली. त्यामुळं तो वाचला. मागचा सगळा माल पुढं आला आणि केबिनची डावी बाजू दबली. डाव्या बाजूला धाकटा बसला होता. त्याला बाहेर काढेपर्यंत तो गेला होता.

पाव्हण्याचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात तो सगळ्यांना सांगत होता, पाय दाबला तर खाली गेला, तळापर्यंत गेला. पण गाडी बाहेर ओढून आणली तेव्हा मिस्तऱ्यांनी पायडल दाबून बघितलं. कडक होतं. तेलाची गळती नव्हती, पाइप फुटला नव्हता. ब्रेक ठीक आहे असं सगळ्यांनी सांगितलं, आणि तपासणाऱ्यांनी लिहिलं की चालकाला डुलकी लागली असावी. आदल्या रात्री त्यानं माल भरला होता, झोप झाली नव्हती, हे खरं होतं. वाफ गार झाली की पुन्हा तेल होते. तिची कसलीच खूण मागं राहत नाही. हे त्या गर्दीत कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं.

दादा त्याला दवाखान्यात भेटून यायचा. दोन-तीन आठवड्यांनी असाच भेटून आला तेव्हा मी पेठलाच होते. रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाला, "आता त्यो पण म्हनायला लागलाय, मला डुलकीच लागली असंल. म्हनतो, पाय खाली गेला हे मला सपनात दिसलं असंल. लोकांनी इतक्यांदा सांगितलंय त्याला."

मला ते ऐकवेना. लोक काय म्हणतात त्याचं एवढं नव्हतं. पण त्याचा स्वतःच्या पायावरचा विश्वास उडाला होता, आणि त्याचा पाय खरं सांगत होता.

मी त्याच्या गाडीचा हिशोब मांडायचं ठरवलं. दादाकडून वजनाचा अंदाज घेतला, तेल बदलायचं राहूनच गेलं होतं हेही त्याच्याकडूनच कळलं, गाडी कुठं थांबली होती ते टपरीवाल्याला विचारायला लावलं. पाव्हण्यानं कोणत्या गिअरमध्ये उतरवली ते त्यानंच दादाला सांगितलं होतं. घाटाचा चढ-उतार माझ्याकडं आधीपासून होता. ऑफिस सुटल्यावर मी तिथंच बसून हे केलं. खोटी गाडी धुक्याशिवाय उतरली, टपऱ्यांपाशी थांबली, चहाला लागतो तेवढा वेळ थांबली, निघाली. तिसऱ्या वळणाच्या जरा अलीकडं तेल उकळत होतं. मी आकडे थोडे इकडं-तिकडं करून बघितले, वजन कमी केलं, तेल नवं धरलं. नव्या तेलानं गाडी खाली गेली. जुन्या तेलानं बहुतेक वेळा नाही.

डाव्या बाजूला कुणी बसलंय हे त्या गाडीला माहीत नव्हतं. त्यात केबिनच नव्हती. फक्त चाकं होती आणि वजन होतं.

दादा म्हणाला, सांगू नकोस. "झोप लागली म्हनतोय तर म्हनू दे. सगळ्यांनी मान्य केलंय ते."

"पण ते खोटं आहे."

"आसंल. पर त्याच्यात घर टिकून ऱ्हायलंय."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मी सांगायचं ठरवलं.

आम्ही वाडीत गेलो तेव्हा पाऊस उघडला होता. भात लावून झालेला, खाचरांत पाणी उभं. पाव्हणा पडवीत खाटेवर बसला होता, काठी बाजूला. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं. आतल्या दारापाशी धाकट्याची बायको तांदूळ निवडत बसली होती, लेकरू तिच्या पाठीला टेकून. ती आमच्याकडं बघून हसली. दादानं मला वाटेत सांगितलं होतं की भावजयीनं पाव्हण्याला एका शब्दानं बोल लावला नाही. भावकीतले लोक बोलले तेव्हा तिनंच त्यांना गप्प केलं होतं. म्हणाली होती, झोप काय कुनालाबी लागती.

मी पाव्हण्याला सांगितलं. लॅपटॉप नेला होता, पण उघडला नाही. तोंडीच सांगितलं. "भाऊ, तुम्हाला डुलकी लागली नव्हती. तुमचा पाय खरंच खाली गेला. गाडी गार झाल्यावर पायडल परत कडक होतं, म्हणून मिस्तऱ्यांना काही सापडलं नाही. दादाच्या गाडीचं झालं होतं ना, तेच."

त्याचा चेहरा मोकळा झाला. पुष्कळ दिवस धरून ठेवलेलं काही खाली ठेवावं तसे त्याचे खांदे उतरले. "म्या म्हनत व्हतो," तो म्हणाला. "म्या म्हनत व्हतो ना." बायकोकडं बघून त्यानं ते पुन्हा म्हटलं.

मग तो थांबला. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते आणि मला ते येताना दिसलं. दादाच्या गाडीचं झालं होतं तेच. म्हणजे त्या दिवशी टपरीपाशी उभं राहून आपण पाहिलं होतं तेच. ताईनं सांगितलं होतं तेच.

त्यानं विचारलं, "गाडी गेली त्या दिशी आजून किती थांबलो असतो म्हंजी झालं नसतं?"

दादानं माझ्याकडं बघितलं. हे उत्तर माझ्याकडं होतं. तोही हिशोब मी करून बघितला होता. टाळता आलं असतं, कारण अशा हिशोबात नक्की असं काही नसतं. पण तो सरळ विचारत होता. मी सांगितलं. फार मोठा आकडा नव्हता.

त्यानं काठी जवळ ओढली. "तेवढ्यात दुसरा च्या झाला असता," तो म्हणाला.

आत तांदूळ निवडायचा आवाज थांबला होता. धाकट्याची बायको उठून दारात आली. तिच्या हातात सूप तसंच होतं. तिनं पाव्हण्याकडं बघितलं नाही, मला विचारलं, "तुमी सांगितलं व्हतं थोरल्यांला? आदीच?"

मी हो म्हटलं.

"आन् हे? ह्यांनी ऐकलं व्हतं?" हे म्हणजे तिचा नवरा.

"ते थांबू म्हणाले होते," मी म्हटलं. तिला निदान एवढं तरी असावं असं मला वाटलं.

तिनं मान हलवली. सूप खाली ठेवलं आणि लेकराला उचललं. ओरडली नाही, रडली नाही. आत गेली आणि दार लोटून घेतलं. पाव्हण्याची बायको चहा टाकायला उठली होती, ती चुलीपाशी उभीच राहिली.

आम्ही लवकर निघालो. उताराच्या पायवाटेनं गाडीपर्यंत येताना दादा पुढं चालत होता. मला वाटलं तो रागवेल. तो एवढंच म्हणाला, "झोपेला ती माफ करून बसली व्हती."

भाताची कापणी झाल्यावर त्या घरात दुसरी चूल पेटली. नंतर धाकट्याची बायको लेकराला घेऊन माहेरी गेली, आणि तिच्या वाट्याचं खाचर तिच्या भावानं कसायला घेतलं. पाव्हणा आता काठीशिवाय चालतो, पण उकिडवा बसू शकत नाही, म्हणून लावणीला त्याला बांधावर उभं राहावं लागतं. दादा सांगतो की तो कुणाशी फार बोलत नाही. डुलकी लागली नव्हती हे मात्र विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि पुढचंही सांगतो, काही न वगळता.

त्याची पिकअप गॅरेजवाल्यानं विकत घेतली, केबिन बदलून रंग दिला आणि पुढं कुणाला तरी दिली. जास्तीचे पाटे काढले नाहीत. दादाला ती अधूनमधून आळेफाट्याला भरलेली दिसते, माळशेजच्या दिशेला तोंड करून. आत कोण बसलंय ते आम्हाला माहीत नाही.